भाग पहिला, प्रकरण तिसरं

धनीबाईनं जयाच्या हातातलं पुस्तक असं हिसकलं की त्याच्यावर घातलेला खाकी कागद पोरीच्या मुठीतच राहिला.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली, आणि तेच पुस्तक परत तिच्या मांडीवर आपटलं. "पहिल्यापासून. एक अक्षर बी गाळू नको."

नऊ वर्षांच्या जयानं आजीकडं पाहिलं. आजीचा पदर ओला होता. हापशीवरून ती भरलेली घागर तिथंच टाकून आली होती, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

"काय झालं, दादी?"

"वाच म्हटलं ना!"

झालं होतं ते मानीबाईमुळं. शेजारची मानीबाई म्हणजे तांड्याचं बिनपगारी वर्तमानपत्र. हापशीवर चार बायकांसमोर ती म्हणाली होती, "तुह्या नातीच्या त्या पुस्तकात पोरीचा बाप मरते म्हणे, धनीबाई. माह्या नातवानं सांगतलं. असं पुस्तक लेकराच्या हाती देतेत काय? अन् तेबी तिच्या हाती?" हे 'तिच्या हाती' म्हणताना मानीबाईनं आवाज खाली आणला होता, आणि तो खाली आणलेला आवाज धनीबाईच्या काळजात काट्यासारखा घुसला.

कारण जयाचा बाप मेला होता आणि ते जयाला माहीत नव्हतं.

मागच्या साली पोळ्यानंतर कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि तिच्यावर अळी पडली होती. गाव सगळं फवारणीला लागलं. देवसिंग, धनीबाईचा एकुलता एक लेक, दुसऱ्याच्या शेतात रोजानं पंप पाठीवर घेऊन हिंडत होता. वर केलेला फवारा अंगावरच पडायचा. एका संध्याकाळी घरी आला तो डोळे चोळत. दिवा नीट दिसत नाही म्हणाला. मग यवतमाळचा दवाखाना, मग तिथला पांढरा कपडा. तो एकटा नव्हता, त्या साली कितीतरी गावांतून असे गेले. नंतर गाडीतून साहेब आले. दारू पीत होता का, असं त्यांनी विचारलं. तोंडाला फडकं का बांधलं नव्हतं, असंही विचारलं. जसं काही फडकं पाहून विष माघारी फिरलं असतं! आणि साहेब गेल्यावर गावात कुजबूज सुरू झाली, की फवारताना कसला जातो, प्यायला असेल. धनीबाई दारोदार जाऊन भांडली. ज्यानं ज्यानं 'प्यायला' म्हटलं त्याच्या त्याच्या सात पिढ्या तिनं उकरून काढल्या. तो राग अजून उतरला नव्हता. उतरू द्यायचाच नव्हता तिला.

जया तेव्हा दिग्रसकडं मामाच्या गावी होती. सरणाजवळून परतताना धनीबाईनं ठरवून टाकलं, पोरीला सांगायचं नाही. बाप ऊस तोडायला गेला म्हणायचं. दिवाळी झाली की अर्धा तांडा मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जातोच, त्यामुळं खोटं कुठं बोचलं नाही. एवढंच सांगायचं, की यंदा देवसिंग जरा लवकर गेला. तांड्याचा नायक अमरसिंग यानं घरोघर शब्द टाकला, आणि नायकाचा शब्द कोणी मोडला नाही. मानीबाईनंही नाही, आणि तिच्यासाठी ते उपवासापेक्षा अवघड होतं.

विरोध केला तो फक्त सुनेनं. कोकिळा कमी बोलायची, पण त्या दिवशी बोलली होती. "कवा ना कवा तं कळनच," एवढंच. धनीबाईनं तिचं ऐकलं नाही. उलट कोकिळेला कपाळावरचं कुंकू पुसू दिलं नाही, मंगळसूत्र काढू दिलं नाही. "पोरगी पाह्यन," म्हणाली. नवरा गेलेल्या बाईनं रोज सकाळी आरशासमोर बसून कुंकू लावायचं. कोकिळेनं वर्षभर लावलं. लावताना ती आरशात पाहत नसे.

उन्हाळ्यात ऊसतोडीची माणसं परत आली तेव्हा खोट्याला पहिली ठेच लागली. धनीबाईनं रातोरात लेकाला साखर कारखान्यावर राखणदाराची नोकरी लावून दिली. सरकारला जे जमत नाही ते तिनं करून दाखवलं. वर अधूनमधून ती बॅलन्स संपलेला मोबाइल कानाला लावून ओट्यावर बसे आणि जयाला ऐकू जाईल असं बोले. "हाव रे... जेवला काय?... थंडी हाय काय तिकडं?... स्वेटर घालत जाय." एकदा तर शेंगदाण्याचे लाडू बांधून तिनं तिकडं निघालेल्या माणसाच्या हाती दिले होते, देवसिंगला द्यायला म्हणून. तो माणूस लाडूंचा डबा घेऊन कितीतरी वेळ खाली मान घालून उभा राहिला होता.

फोन चालू असला की जया आजीचे पाय चेपत बसायची. मला दे, मला बोलू दे, असं ती कधी म्हणाली नाही. गुणी पोर, धनीबाईला वाटायचं.

आता हे सगळं सांभाळून ठेवलेलं एक पुस्तक उधळून लावणार म्हणजे काय? आणि तेही दिवाळी तोंडावर आली असताना? दिवाळीला घरोघर धबुकार असतो. चुलीतले निखारे पुढं ओढायचे, त्यावर तूप आणि लापशी सोडायची आणि घरातल्या गेलेल्या माणसांची एकेक करून नावं घ्यायची. ज्याचं नाव घेतलं नाही तो उपाशी राहतो. मागल्या दिवाळीला जया मामाकडंच होती, म्हणून देवसिंगचं नाव घेता आलं. यंदा जया घरी होती. धनीबाईनं तिला पुन्हा मामाकडं धाडायचं काढलं, तर कोकिळा दुसऱ्यांदा बोलली. "या दिवाळीले मी त्याईचं नाव घेईन. पोरगी असो नाहीतर नसो." त्यावर सासू-सुनेत चार दिवस भांड्यांनीच बोलणं चाललं होतं.

"वाचू ना?" जयानं विचारलं.

"मंग काय आरती ओवाळू तुही?"

पुस्तकाचं नाव होतं 'निळ्या दारांची नगरी'. त्याचे पाच भाग होते आणि आर्णीच्या वाचनालयातून जया ते एकेक करून आणत होती. पुस्तक मराठी, घरात बोलायची ती बंजाऱ्यांची गोरबोली. त्यामुळं जया एक वाक्य आधी मनात वाचायची, मग आपल्या बोलीत सांगायची. मिहिका नावाची पोर होती. तिचा बाप धुक्याच्या काठावर दिवे लावायचं काम करायचा. त्या धुक्यात सावल्या खाणारा राक्षस राहायचा, आणि ज्याची सावली त्यानं खाल्ली त्याला आपलं नाव आठवत नसे.

धनीबाई न्यायाधीशासारखी बसली होती, एक पाय दुमडून, हनुवटीला हात लावून. राक्षस आला तशी ती म्हणाली, "हे काय लेकरायनं वाचाचं हाय?" उडणारा मासा आला तशी म्हणाली, "खोटं बोलाले बी काही सीमा असते." पण मासा मिहिकाला पाठीवर घेऊन उडाला तेव्हा तिनं हनुवटीचा हात काढला आणि थोडी पुढं सरकली.

तिसरं प्रकरण आलं. जया थांबली. उठून पाणी प्यायली. मग परत येऊन बसली आणि पानावर बोट ठेवून सांगू लागली. धुकं गावावर चालून आलं. मिहिकाच्या बापानं डोक्याला फेटा बांधला, दिवा घेतला आणि धुक्याच्या पलीकडं लांबच्या मुलखात कामाला निघून गेला. तिथं त्याला मोठ्या दिव्याच्या राखणीचं काम मिळालं. तो रोज एका पाखराबरोबर निरोप धाडायचा, मी बरा आहे.

धनीबाईनं श्वास सोडला. मानीबाईला आता ती पाहून घेणार होती.

"लिहिणारा आपल्याकडचाच असन," ती म्हणाली. "बरोबर लिवलं. बाप कामाले जाते अन् निरोप धाडते."

"हाव," जया म्हणाली आणि पान उलटलं.

दिवाळीची सारवणं चालू असतानाच दोन भाग ऐकून झाले. राक्षसाचं काय झालं हे कळल्याशिवाय धनीबाईला जेवण गोड लागेना, पण हे तिनं कोणाला कळू दिलं नाही. तपासणी चालू आहे असंच ती सांगत होती. आणि तपासणी पुरी झाल्यावर ती हापशीवर गेली.

"काहून वं मानीबाई, कुठं मेला त्यात बाप? दोन भाग पुरे ऐकले मी. तुह्या नातवाले वाचता येते का नुसती पानं मोजते?"

मानीबाईची घागर भरून वाहत होती. "माहा नातू खोटं बोलत नाही. तुले इश्वास नसन तं आर्णीले जाय. त्या फरहानाले इचार, तिच्याच हातून पुस्तकं सुटतेत. अन् तुले ऐकू कमी येत असन तं तेबी दवाखान्यात दाखव."

बाजाराच्या दिवशी धनीबाई काळीपिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबून आर्णीला गेली. पिशवीत पहिला भाग होता. एका मशीन दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत ते वाचनालय होतं. दुकान अब्दुल गनीचं आणि वर पुस्तकं सांभाळणारी फरहाना त्याची लेक. फरहाना एका पुस्तकाच्या पुठ्ठ्याला खळ लावत होती. धनीबाईनं पुस्तक तिच्यासमोर टाकलं.

"यात बाप मरते का?"

"बसा तं खरं, मावशी. पाणी—"

"पाणी घरी पिऊन आली मी. मरते का नाही?"

फरहानानं पुस्तकाकडं पाहिलं, मग धनीबाईकडं. "मरते. तिसऱ्या प्रकरणात."

"दाखव. वाच. जसं लिवलं हाय तसं."

फरहानानं हात पुसले, पान काढलं आणि वाचलं. "'सकाळी धुकं ओसरलं तेव्हा बाबा काठावर पडलेले होते. दिवा विझलेला होता. मिहिकानं त्यांच्या पापण्या हातानं मिटल्या. गावातली माणसं म्हणाली, रडू नकोस, ते निळ्या दारापलीकडं कामाला गेलेत, येतील. मिहिका म्हणाली, नाही. ते मेले.'"

खाली दुकानात कोणीतरी इंजिन चालू करून पाहत होतं. ते बंद झालं. मग धनीबाईच्या तोंडाचा पट्टा असा सुटला की जिन्याखालून अब्दुल गनीनं मान वर करून पाहिलं.

"आग लावा असल्या पुस्तकाले! लेकरायले देतेत हे? शिकली सवरली तू, तुले लाज नाही? अळीवर फवारा माराले माणूस जाते अन् माणूसच मरते, तेवढं कमी पडलं का या मुलखात, म्हणून आता पुस्तकातले बाप बी मारून राह्यले? कोण हाय तो लिवणारा? त्याच्या घरी मेलं हाय का कोणी? आण त्याले माह्यासमोर!"

फरहानानं ऐकून घेतलं. पण तीही अब्दुल गनीची लेक होती. "मावशी, रोज कोणी ना कोणी मले येऊन सांगते, हे पुस्तक लेकरायले देऊ नको. कोणी म्हणते यात जादू हाय, कोणी म्हणते राक्षस हाय, भूत हाय. एकानं बी पुस्तक उघडून पाह्यलेलं नसते. मी सगळं वाचूनच देते. नऊ वर्षाच्या पोरीले मी हे आपल्या मनानं दिलं नसतं. मी तिले परीचं पुस्तक काढून देल्तं."

"मंग?"

"तिनं परत ठेवलं. म्हणे, ज्यात बाप परत येत नाही असं हाय का एखादं."

धनीबाईच्या हातातली पिशवी टेबलावर टेकली.

"पाचही भाग नेले तिनं," फरहाना हळू आवाजात म्हणाली. "पण पहिला पुन्हा पुन्हा नेते. मी इचारलं, काहून गं? तं म्हणे, तिसरं प्रकरण चांगलं हाय."

परतताना काळीपिवळीत धनीबाईच्या मांडीवर दुसऱ्याचं लेकरू होतं आणि पायाशी कोंबडी, तरी तिचं लक्ष कशातच नव्हतं. पोरीला माहीत होतं. कोणी सांगितलं? कोकिळेनंच, दुसरं कोण! सुनेची ती आठवडाभर पुरेल अशी खरडपट्टी काढणार होती. पण मग एक गोष्ट तिला उलगडेना. पोरीला माहीत होतं, तर पुस्तकातला बाप तिनं जिवंत का ठेवला? विचार करता करता नाका आला तेव्हा उत्तर सापडलं. भ्याली असणार. बाप मरतो म्हटलं असतं तर आजीनं पुस्तक चुलीत घातलं असतं. बरोबर होतं पोरीचं, घातलंच असतं. धनीबाईला स्वतःचाच राग आला. पोटचा गेल्यावर बाप नसलेल्या पोरीवर ओरडायलाच काय ती उरली होती! पुस्तकासाठी लेकरानं खोटं बोलावं इतकं तिचं भ्या वाटतं का घरात? आता बस झालं. दिवाळी व्हायच्या आत सांगून मोकळं व्हायचं. जवळ घ्यायचं, नीट सांगायचं, पुस्तक हिसकणार नाही हेही सांगायचं.

घरी कोकिळा भाकरी थापत होती. जया चुलीशी बसून गृहपाठ करत होती. आजीच्या पिशवीतून पुस्तक निघालेलं पाहून तिची पेन्सिल थांबली.

"ये, इकडं बस," धनीबाई म्हणाली. आवाज मऊ करायचा तिचा प्रयत्न होता, पण सवय नव्हती, तो घोगरा निघाला. "तिसरं प्रकरण वाच."

"ते वाचलं ना, दादी."

"पुन्हा वाच."

जयानं पान काढलं. पाणी प्यायला उठली नाही. पानावर बोट ठेवून न अडखळता सांगू लागली, फेटा, दिवा, धुक्यापलीकडचा मुलूख. पाखराचा निरोप आला तशी धनीबाईनं पानावर हात ठेवला.

"त्यात बाप मरते, बाई."

"नाही मरत."

"फरहानानं वाचून दाखवलं मले."

"तिनं चुकीचं वाचलं," जया ठाम म्हणाली. "तिले चष्मा लागला हाय."

"जया."

"नाही मरत, दादी. मी पाचही भाग वाचले. येते तो शेवटी. लाडू खाते अन् येते."

कोकिळेच्या हातातली भाकरी थापायची थांबली होती.

"भिऊ नको," धनीबाई म्हणाली. "पुस्तक नाही घेत मी तुहं. पाह्यजे तितकं वाच." मग तिनं पोरीचं मनगट धरलं. घरात वर्षभर जे वाक्य कोणी बोललं नव्हतं ते ती बोलली. "तुहा बा कारखान्यावर नाही. तो गेला, बाई. मांगल्या साली. पोळ्यानंतर. पिऊन नाही गेला, कोणी काही म्हणो. फवारून गेला."

पोर आता रडेल, असं धरून तिनं हात पुढं केले.

जया रडली नाही. तिनं मनगट सोडवून घेतलं आणि उभी राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. ती आईकडं वळली.

"याडी, तू सांगतलं हिले?"

कोकिळेनं मान हलवली. पिठाच्या हातानं तिनं तोंडावर पदर घेतला होता.

"मंग कोणं सांगतलं?" जयाच्या मुठी वळल्या होत्या. ती आजीसमोर उभी राहून ओरडत होती. अख्ख्या तांड्यात असं ओरडणारी आतापर्यंत एकच बाई होती. "मी सगळ्यायले सांगून ठेवलं होतं, बा गेला हे दादीले सांगू नका. ती फोनवर बोलते, तिले बोलू द्या. मानीबाईच्या घरी बी सांगतलं होतं, नायकाच्या घरी बी. सगळे हाव म्हणले होते! कोणं सांगतलं तुले? नाव सांग."

धनीबाईनं कमरेला खोचलेला मोबाइल पदराआड घेतला.

"नाव सांग, दादी. मी जाते त्याच्या घरी."

आणि ती दाराशी वाकून चप्पल शोधू लागली.